झोक्याला गुंडाळलेलं लुगडं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन तिसरा दिवस उजाडला आणि सुंदरबाईच्या दाराला लिंबाचा डहाळा लागला.

पुष्पाबाई घागर घेऊन पाण्याला निघाली होती, ती जागच्या जागी थिजली. दाराला लिंब दिसला की आपल्याकडे काय समजायचं ते समजायचं असतं, विचारायचं नसतं. घरात देवी आल्या. आत फोडणी बंद, परक्याचं पाऊल बंद, औषधाचं नाव तर काढायचंच नाही, बया कोपते. सुंदरबाईचा नातू निंबा, पाच वर्षांचा, आखाजीला पुष्पाबाईच्या बागेत झोक्यावरून उतरायला तयार नव्हता. त्याच्या दंडावर टोचल्याची खूण होती, ती पुष्पाबाईने स्वतः पाहिली होती. टोचलेल्या पोराला देवी कशा आल्या, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

सुंदरबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. या बाईचं एरवीचं बोलणं तीन घरं सोडून ऐकू यायचं. आज ती हळू बोलली.

"मास्तरीणबाई, बया तुझ्या बागेतून आली माझ्या घरात," सुंदरबाई म्हणाली. "आधी हातच धरले तिने पोराचे. दोन्ही तळहात फोडांनी भरले आहेत. आता तोंडावर चढली."

पुष्पाबाई पाण्याला गेलीच नाही. ती तशीच रिकामी घागर घेऊन घरी परतली. दुपारपर्यंत गल्लीत आणि मागच्या आळीत जिथे बघावं तिथे दाराला लिंब. ज्या ज्या घरचं पोर बागेत गेलं होतं त्या त्या घरी लिंब, आणि जे गेलं नव्हतं त्या घरी काही नाही. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? विहिरीत मेलेलं पोर खेळायला गडी मागतंय, असंही कुणी तरी म्हणून गेलं.

आता ही बाग कुठली आणि विहिरीत मेलेलं पोर कुणाचं, ते सांगायला हवं.

जळगावात स्टेशनाच्या अंगाला रुपचंदशेठची कापसाची जिनिंग होती. जिनिंगच्या मागे त्याचाच एक पडीक तुकडा आणि त्या तुकड्यात बिनकठड्याची जुनी विहीर. सहा वर्षांपूर्वी पुष्पाबाईचा भटू त्या विहिरीत गेला. चार वर्षांचा होता. कशाच्या मागे धावत गेला ते कुणी पाहिलं नाही. नवरा त्याच्या आधीच तापाने गेलेला. मग घरात उरल्या दोघी, पुष्पाबाई आणि तिची सासू भिकुबाई. पुष्पाबाई धुळ्याला मामाकडे राहून सातवी पास झालेली होती, ती मुलींच्या शाळेत लहानग्यांचा वर्ग घ्यायला लागली आणि दोघींची चूल पेटती राहिली.

भिकुबाई शिंदखेड्याकडची. जन्म जळगावात गेला तरी बोली माहेरचीच. भटू गेल्यावर तिने सुनेला एका शब्दाने दुखावलं नाही. बायका पुष्पाबाईला म्हणत, नशीब काढलंस बाई, दुसरी असती तर उठता बसता पोराचं खापर तुझ्या डोक्यावर फोडलं असतं. पुष्पाबाईला ते नशीब वाटत नसे. मीठ दे, पाणी तापलं, दार लाव, याच्या पलीकडे सासू बोलत नव्हती. भटूचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही, आणि भिकुबाई जिनिंगच्या बाजूला पुन्हा फिरकली नाही. बाजाराला जायचं तरी लांबचा फेरा घेऊन जायची.

पुष्पाबाईने मात्र त्या तुकड्याचा ध्यासच घेतला. रुपचंदशेठच्या पेढीवर हेलपाटे घालून घालून तिच्या चपला झिजल्या. विहीर बुजवा आणि जागा लहान पोरांना द्या, एवढंच तिचं मागणं. शेठ म्हणायचा, पोरांना बाग कशाला लागते, पोरं उकिरड्यावरही खेळतात. शेवटी कंटाळून हो म्हणाला, पण शेठच तो, अट घातल्याशिवाय कसा देईल?

"एका जरी पोराला तिथे इजा झाली, तर जागा परत," तो म्हणाला. "मला तिथे गठाणींसाठी छप्पर घालायचंच आहे. आणि मग पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

पुष्पाबाईने ती अट जिवावर घेतली. मोठ्या माणसाने उभं राहून लहान पोरांची बाग आखायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, हे तिला वर्गातल्या पोरींनी शिकवलं होतं. ती सरळ गुडघ्यांवर आली. सकाळ सकाळी त्या तुकड्यात हातापायांवर रांगत फिरायची, पोराचं डोकं जेवढ्या उंचीवर असतं तेवढ्या उंचीवरून बघायची. गल्लीला हसायला आयतंच सापडलं. मास्तरीण रांगायला लागली, आता पाळण्यात घाला, असं सुंदरबाई म्हणाली. म्हणू दे. पण तिथून जे दिसलं ते उभ्या माणसाला दिसणार नव्हतं. गुंजेच्या वेलावरचे लालचुटूक दाणे बरोबर पोराच्या तोंडासमोर लोंबत होते. धोत्र्याची बोंडं, एरंडाच्या बिया, बाभळीचे वाळके काटे, सगळं हाताशी. तिने एकेक मुळासकट उपटलं. कण्हेर काढायला लागली तेव्हा सुंदरबाई आडवी आली, महादेवाचं फूल आहे म्हणून.

"महादेवाला विष पचतं, सुंदरअक्का," पुष्पाबाई म्हणाली. "तुमच्या निंबाला पचणार नाही."

विहीर दगडमातीने भरून घेतली आणि वर लाद्यांचा ओटा केला, आयांना बसायला. भोवती मेंदीचं कुंपण लावलं, तेही इतकं बुटकं राखायचं ठरवलं की ओट्यावर बसल्या बसल्या पोर दिसावं. फाटकाची कडी मोठ्या माणसाच्या हातालाच पुरेल अशी. लिंबाच्या झाडाला झोके, त्यांच्याखाली गिरणा नदीची चाळलेली वाळू. झोक्यांच्या पाटल्या, म्हणजे बसायच्या फळ्या, युसूफ सुताराने केल्या. पुष्पाबाईने प्रत्येक पाटलीवरून आपला गाल फिरवून पाहिला आणि दोन परत पाठवल्या. युसूफ बायकोला म्हणाला, ही बाई नवरी बघावी तशी फळी बघते.

राहिला दोर. काथ्याचा दोर पोरांच्या तळहातांची सालटी काढणार. जिथे हात धरतात तिथे मऊ कापडाच्या मुठी बसवाव्यात असं तिने ठरवलं, आणि एका संध्याकाळी जुनं धोतर फाडायला घेतलं. भिकुबाई भिंतीशी बसली होती. ती उठली आणि तिने ते धोतर सुनेच्या हातातून काढून घेतलं.

"दे. मी शिवस," ती म्हणाली.

पेटीतून तिने आपलं गडद जांभळं लुगडं काढलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. ते फाडलं, जिनिंगमधून आणलेला कापूस आत भरला आणि मुठी शिवायला बसली. पुष्पाबाई स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडात धरून रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा सासूने बागेच्या कामाला हात लावला होता. तिला वाटलं, सुटली गाठ. आखाजीच्या आदल्या दिवशी तिने त्या मुठी स्वतः झोक्यांना बांधल्या. जरा जाडच झाल्या होत्या, पण तिला वाटलं, म्हातारीने कापूस हात राखून घातला नाही.

आखाजीला आपल्याकडे झोके काय नवीन नाहीत. पण दरवर्षी मोठ्या पोरी आणि माहेरवाशिणी झोके बळकावतात, आणि चिल्लीपिल्ली खाली उभी राहून नाक पुसतात. त्या वर्षी त्यांचे स्वतःचे झोके होते. दिवसभर बाग किलबिलत होती. उन्हाची काहिली, पोरांच्या हातांना घाम, तरी एकही पोर दोर सोडायला तयार नाही. संध्याकाळी पुष्पाबाई घरी आली तर भिकुबाई दाराशीच होती.

"कोन्ही पडनं नही ना?" तिने विचारलं.

"कुणी नाही पडलं, आत्याबाई. नुसती हसत होती."

भिकुबाईने मान हलवली. हात पदराखाली होते. दोन दिवस ती भाकरीला बसली नाही, हात दुखतस म्हणाली, आणि पुष्पाबाईने तेही आनंदाने केलं. एवढ्या मुठी शिवल्यावर हात दुखणारच.

आणि आता दारोदार लिंब.

दुपारी रुपचंदशेठचा माणूस निरोप घेऊन आला. दिवस मावळायच्या आत शेठ बागेत येणार, बयेचा विटाळ झालेले झोके जाळणार, फाटकाला कुलूप घालणार. छपराचे वासे उद्या येऊन पडतील. पुष्पाबाईने उंबऱ्यात उभ्या उभ्याच ऐकलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणतात, पण ही बाग तर लागली होती, पोरांनी भरली होती. आणि तिथेच ही आग. तिला राहून राहून एकच दिसत होतं, त्या ओट्यावर कापसाच्या गठाणी रचलेल्या. भटू एकदा पाण्यात गेला, आता गठाणींखाली जाणार.

घरात बसवेना म्हणून ती बाहेर पडली. अनवरीच्या, म्हणजे युसूफच्या बायकोच्या दाराला डहाळा नव्हता. तिची पोर जुलेखाही आखाजीला झोक्यावर होती, तरीही. पुष्पाबाई मान खाली घालून पुढे जाणार, तोच अनवरीने तिला हाक मारली.

"बाई, अंदर या. जरा पोरीला बघा. सगळे म्हणतात माता आहे, पण मला तसं वाटत नाही. देवीत आधी ताप येतो ना? हिला तापच नव्हता आला."

जुलेखा चटईवर बसली होती, हात पुढे पसरून, कुणी तरी काही वाढेल अशी. दोन्ही तळहात सुजून तट्ट झालेले, पाण्याने भरलेले फोड, आणि बोटांच्या मुळाशी काळपट डाग. अनवरी म्हणाली, डाग घासून घासून धुतला तरी जात नाही. गालावर एक फोड होता, जिथे पोरीने हात पुसला असणार. पाठ साफ, पाय साफ, पोट साफ.

पुष्पाबाईने पोरीचा हात उजेडाकडे वळवला. हा डाग तिच्या ओळखीचा होता. तिने तो आपल्या भटूच्या गळ्यावर पाहिला होता.

भिकुबाईने नातवाच्या गळ्यात बिब्बा बांधला होता, काळ्या दोऱ्यात ओवून, दृष्ट लागू नये म्हणून. घरोघरी बांधतात. पण उन्हाळ्याचे दिवस, पोराचा घाम, बिब्ब्याचं तेल पाझरलं आणि कोवळा गळा उतून आला. पोर रात्रंदिवस रडायचं. पुष्पाबाईने सरळ कात्री घेतली, दोरा कापला आणि बिब्बा उकिरड्यावर फेकून दिला. भिकुबाई समोरच होती. ती उठून आत निघून गेली. भटूचा गळा चार दिवसांत साफ झाला होता.

"अनवरी, खोबरेल लाव हिला," ती कशीबशी म्हणाली. "भरपूर लाव. आणि हात डोळ्यांना लावू देऊ नको."

ती जवळजवळ धावतच बागेत गेली. बागेत चिटपाखरू नव्हतं. पहिल्या झोक्याची मूठ तिने पदर हाताला गुंडाळून सोडली आणि टाके उसवले. आतला कापूस काळा झाला होता. कापसाच्या मधोमध, सुईने भोक पाडून दोऱ्यात ओवलेले बिब्बे होते. पोरांनी आवळून आवळून धरले, उन्हाने तापले, तेल कापसातून लुगड्यात आलं आणि लुगड्यातून तळहातांत. वरचा रंग गडद जांभळा, डाग कुणाला दिसणार? तिने दुसरी मूठ उसवली, तिसरी उसवली. सगळ्यांत तेच. कुणी तरी दावा साधला, असं आधी तिच्या मनात आलं. मग तिचं लक्ष टाक्यांवर गेलं. बारीक, दाट, एकसारखे टाके. घरातल्या प्रत्येक गोधडीवर तेच टाके होते.

ती वाळूत मटकन बसली. रांगत रांगत जिने तुकड्यातला काटा न् काटा वेचला, तिनेच हे पोरांच्या मुठीत बांधलं होतं. स्वतःच्या हाताने, गाठ मारून, पक्की आहे ना म्हणून दोनदा ओढून पाहून.

घरी भिकुबाई भिंतीशी बसली होती. पुष्पाबाईने उसवलेली मूठ तिच्यासमोर टाकली.

"हे काय आहे, आत्याबाई?"

भिकुबाईने एकदा मुठीकडे पाहिलं. "बिब्बा शेतस."

"ते दिसतंय मला. कशाला घातले?"

"नजर लागू नही म्हनीसन," भिकुबाई म्हणाली, जणू सुनेने पोळीत पुरण कशाला घातलं असं विचारलं होतं. "इतला पोरे एका जागे. बठ्ठ्यासनी नजर तठे."

"सगळ्यांची नजर पडते म्हणून? त्या पोरांचे हात सोलून निघालेत. देवी नाहीत त्या. हे आहे, तुमचे बिब्बे उतलेत त्यांना."

भिकुबाईचं तोंड उघडं राहिलं. तिनेही सकाळपासून देवीचाच धावा केला होता. ती मुठीकडे बघत राहिली, मग सुनेकडे, मग पुन्हा मुठीकडे. मग ती बोलली, आणि सहा वर्षं दाबून ठेवलेलं एकदमच बाहेर पडलं.

"तू तो दोरा तोडी दिधा. आठ दिनमा मना भटू गया. आते ह्या लोकेसना पोरे. यासले कोन दोरा बांधी?"

पुष्पाबाई उभी होती ती उभीच राहिली. कानशिलात बसावी तसं झालं तिला. सहा वर्षं ही बाई समोर बसून जेवली, आजारपणात पाय चेपून घेतले, दिले, आणि मनात हे धरून बसली होती. सून म्हणजे नातवाचा दोरा कापणारी. म्हणून नाव निघत नव्हतं. आणि आपण समजत होतो, म्हातारी दुःखाने मुकी झाली.

"म्हणजे तुम्हांला वाटतं मी मारलं त्याला," ती म्हणाली.

भिकुबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुष्पाबाईला संताप आला, आणि का येऊ नये? विहिरीला कठडा नव्हता म्हणून पोर गेलं, दोरा नव्हता म्हणून नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ऊन कलायला लागलं होतं आणि शेठ निघाला असणार. तिने मूठ उचलली आणि बाहेर पडली.

वाटेत तिला नीट दिसायला लागलं. देवी म्हणून गप्प राहिलं तर बाग गेली. बिब्बा सांगितला तर लोक विचारणार, कुणी घातला. सासूचं नाव घेतलं तर बागेवरचा दोष कदाचित उतरेल, पण गल्ली तिला जिवंत सोडणार नाही. स्वतःचा नातू गेला म्हणून म्हातारी दुसऱ्यांच्या पोरांवर टपली, असं म्हणायला किती वेळ लागतो? नुसतं म्हणून थांबत नाहीत लोक. म्हातारीचं पाणी तोडतील, दारावर दगड येतील. आणि स्वतःचं नाव घेतलं तर शेठची अट होतीच. म्हणजे बाग तरी किंवा सासू तरी. फाटकापर्यंत पोचेस्तोवर तिचं ठरलं. एवढं मनात धरून बसलेल्या त्या बाईला वाचवायला आपण का निघालो आहोत, हे तिचं तिलाही कळेना.

बागेत माणसं जमली होती. रुपचंदशेठ धोतराचा सोगा वर धरून उभा, त्याच्या माणसाच्या हातात घासलेटचा डबा आणि कुलूप. बायका कुंपणाबाहेर. आत यायला कुणी धजत नव्हतं.

"देवी नाहीत," पुष्पाबाई म्हणाली आणि मूठ सगळ्यांसमोर उलगडून धरली. "बिब्बा उतला आहे पोरांना. दाराचे लिंब काढा आणि हातांना खोबरेल लावा. अनवरीच्या पोरीला मी तेच लावायला सांगितलंय."

बायका पुढे सरकल्या. काळा कापूस पाहिल्यावर कुणाला शंका उरली नाही. बिब्बा न ओळखणारी बाई खानदेशात जन्मायची आहे. क्षणभर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागाने वर आला.

"घातले कुणी?" सुंदरबाईने विचारलं. आता तिचा आवाज नेहमीचा झाला होता.

"इजा ती इजाच," शेठ म्हणाला. "कुणी घातले ते सांगा, बाई."

पुष्पाबाईने श्वास घेतला. "मी घा..."

"ती नही. मी."

फाटकाबाहेर भिकुबाई उभी होती. सहा वर्षं ज्या बाजूला तोंड केलं नाही तिथे एकटी चालत आली होती. कडी काढायला तिने हात वर केला, पण तिला ती उचलता येईना. पुष्पाबाईने जाऊन फाटक उघडलं. तेव्हा भिकुबाईने दोन्ही हात पदराबाहेर काढले आणि सगळ्यांसमोर धरले.

पोरांचे हात काहीच नव्हते त्यापुढे. एकेका बिब्ब्याला तापल्या सुईने भोक पाडलं होतं तिने, आणि एवढ्या झोक्यांसाठी. बोटं काळी पडून फुगली होती, कातडी ठिकठिकाणी सुटली होती. असे हात पदराखाली घेऊन ती तीन दिवस घरात वावरली आणि पुष्पाबाईला पत्ता नव्हता. भाकरी थापत ती खूश होती.

"मी घाला बिब्बा. पोरेसले नजर लागू नही म्हनीसन," भिकुबाई म्हणाली. "सुंदरबाई, तुना निंबाले मनामुये झायं. माले बोल. तिले बोलू नको."

सुंदरबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता काय तोफ सुटते म्हणून सगळे श्वास धरून होते. सुंदरबाईने त्या हातांकडे पाहिलं.

"असे हात घेऊन कुणी बसतं का व माय," ती शेवटी म्हणाली. मग शेठकडे वळली. "शेट, तुमचं छप्पर दुसरीकडे घाला. माझ्या निंबाची इजा मी बघते. ज्या आईला तक्रार करायची असेल तिने पुढे यावं."

कुणी पुढे आलं नाही. अनवरी म्हणाली, जुलेखा कधीपासून विचारते आहे, झोका कधी. रुपचंदशेठने एकदा घासलेटच्या डब्याकडे पाहिलं, एकदा बायकांकडे, आणि अट अट असते असं काहीसं पुटपुटत कुलूप माणसाकडून घेऊन खिशात घातलं. मग धोतर सावरत तो जिनिंगकडे चालू लागला.

बायका आपापल्या पोरांकडे पळाल्या. अनवरीने खोबरेलाची वाटी आणून दिली आणि तीही गेली. दोघी ओट्यावर बसल्या. भिकुबाईने खालच्या लाद्यांकडे पाहिलं.

"अठेच व्हती ना?" तिने विचारलं.

"हो. याच्याच खाली."

भिकुबाईने मनगटाने लादीवरची धूळ बाजूला केली. बोटं टेकवता येत नव्हती. पुष्पाबाईने तिचा एक हात मांडीवर घेतला आणि हळूहळू तेल लावायला लागली. राग अजून गेला नव्हता. तो असा तेलाबरोबर उतरत नसतो.

"सहा वर्षं माझ्यावर दोष ठेवलात," ती खाली बघतच म्हणाली. "एकदा तरी तोंडावर बोलायचं होतं. मी भांडले असते तुमच्याशी."

"तुनावर नही ठेवा," भिकुबाई म्हणाली.

"मग दोरा दोरा काय म्हणत होता?"

भिकुबाईने लाद्यांवरून नजर वर उचलली. समोर उघडे झोके लोंबत होते.

"कोनले तरी दोष देवाना व्हता, पुष्पा. तुले देवाना नही व्हता. म्हनीसन दोराले दिधा."

पुष्पाबाईचा हात थांबला. तिने सासूकडे पाहिलं. मग तिने भिकुबाईचा दुसरा हात मांडीवर घेतला.